सखामेस्त्रींचं लाकडी महाड

सखामेस्त्रींनी तुमच्याकडे नीट पाहिलं, की तुम्हाला तुमचं दहावं आठवायचं.

महाडच्या बाजारपेठेत ते समोरून येताना दिसले की भलेभले लोक काम नसताना बाजूच्या गल्लीत वळत. कारण मेस्त्री थांबायचे, मान कलती करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि तुमच्या हनवटीपासून हळूहळू वर चढायला लागायचे. मग म्हणायचे, "उभे राहा जरा. नाक मिळू दे." मला तर एकदा चवदार तळ्याच्या कट्ट्यापाशी, चांगलं चार माणसांत, त्यांनी सांगून टाकलं, "भाऊ, तुमचं सगळं झालंय. कान तेवढे राहिलेत."

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि माझी तब्येत उत्तम होती.

आमचा छापखाना होता. पायानं मारायचं ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खाने, शाईचा वास आणि भिंतीवर भांग पाडायला एक आरसा. लग्नपत्रिका छापायचो, जत्रेच्या जाहिराती छापायचो; पण छापखाना खरा चालायचा तो मयताच्या पत्रांवर. उत्तरकार्याचं पत्र म्हटलं की त्यावर गेलेल्याचं चित्र हवं. त्यासाठी जस्ताचा ब्लॉक पुण्या-मुंबईहून करून आणावा लागे. पावसात घाटात दरड आली की ब्लॉक घाटाच्या पलीकडे, फोटो मुंबईत आणि माणूस वर. दहावा दिवस काही कुणासाठी थांबत नाही. मग लोक सखामेस्त्रींकडे जात.

मेस्त्री शिवणीच्या लाकडाचा ठोकळा घेत, तो खिळ्याच्या उंचीला तासत आणि त्यावर चेहरा कोरत. हत्यारं स्वतःची. मोडक्या छत्रीच्या काड्या घासून घासून केलेल्या कोरण्या. आमच्याकडच्या पावसात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही, त्यामुळे मेस्त्रींकडे कोरण्यांनाही नव्हता. जिथे पांढरं हवं तिथलं लाकूड काढायचं, उरेल ते काळं. मधलं काही नाही. "म्हातारा मानूस कोरायला सोपा," ते म्हणत. "एक सुरकुती म्हंजे एक पांढरी रेघ. देवानं निम्मा कोरूनच धाडलेला असतो. मला फक्त उरलेला कोरायचा." लहान मुलाचा चेहरा मात्र ते कोरत नसत. एकदा एक बाप गेलेल्या पोरीसाठी आला होता. मेस्त्रींनी दोन दिवस ठोकळा हातात धरला आणि तसाच परत आणून दिला. "ह्यात काढायचं काय, भाऊ? कुठं हत्यार लावलं तरी ती म्हातारी होते."

फोटो असेल तर काम सोपं. पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून जी माणसं येत त्यांच्याकडे फोटो नसे. मधल्या काळात सरकारनं मतदार ओळखपत्रं काढली, तेव्हा आम्हाला वाटलं प्रश्न सुटला. पण त्या कार्डांवर सगळा तालुका एकाच गुन्ह्यात पकडल्यासारखा दिसायचा. एक बाई नवऱ्याचं म्हणून कार्ड घेऊन आली, ते दिराचं निघालं. मेस्त्री म्हणाले, "बाई, तुला फरक कळला नाय तर मला कुठनं कळनार?"

यावर त्यांनी उपाय काढला होता तो म्हणजे नाकाची पट्टी. एका लांब फळीवर त्यांनी अकरा नाकं कोरली होती. दुसरीवर सात हनवट्या आणि पाच प्रकारच्या भुवया. शिंप्याकडे कॉलरचे नमुने असतात तशी ही पट्टी ते कागदावर छापून नातेवाइकांपुढे धरत. "बोला, कनचं?" पुढची मजा मी मशीनमागून बघायचो. सुतकात असलेले पाच-सहा लोक त्या कागदावर वाकून एकमेकांवर ओरडायला लागत.

"चार नंबर. तात्यांचं नाक चार नंबरच."

"चार नंबर तुज्या सासऱ्याचं. आमच्या घराण्यात असलं नाक नाय!"

"मंग नऊ घ्या."

"नऊला मदी खड्डा हाय. तात्यांना खड्डा व्हता काय गो?"

"मी काय मोजाया गेली व्हती?"

भांडता भांडता कुणीतरी एकदम रडायला लागे, कारण सहा नंबर बोटाखाली आलेला असे आणि तो अगदी तात्याच असे. बौद्धवाडीतल्या एका गुरुजींच्या जलदान विधीच्या पत्राच्या वेळी मेस्त्रींनी चष्मा गाळला. चष्मा कोरला की डोळे जातात, हे त्यांचं म्हणणं. गुरुजींच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "चष्म्याशिवाय त्यांना आम्ही दिसणार कसे?" मेस्त्री एवढे कधी कुणाला नमले नाहीत. दुसऱ्या दिवशी चष्मा हजर.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून एखादी म्हातारी आली की मेस्त्री तिच्या नाकाकडे बघत नसत. जवळ जाऊन, आवाज खाली आणून विचारत, "मावशे, करंजमाळची गंगू आठवते का? माजी आई." करंजमाळ म्हणजे आंबेनळी घाटाच्या वर, डोंगराच्या बगलेत असलेली आठ-दहा घरांची गुरं राखणारी वाडी. मेस्त्री वर्षा-दीड वर्षाचे असताना गंगू कड्यावरून गवत आणायला गेली आणि गवतासकट खाली गेली. बाप आधीच नव्हता. मामानं पोराला खांद्यावर घालून महाडात आणलं, पुढे सुतारकामाला लावलं आणि मेस्त्रींना हे विचारायचं सुचण्याआधीच तोही गेला. गंगूचा फोटो नव्हता, ओळखपत्र नव्हतं, आणि तिचं नाक कुठल्या नंबरचं होतं हे सांगणारं माणूस सापडत नव्हतं. सगळ्या तालुक्याला चेहरे पुरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या आईचा चेहरा ठाऊक नव्हता. म्हाताऱ्या मान हलवत, "नाय रे बाबा," म्हणत आणि मेस्त्री परत कोरायला बसत.

आता त्यांच्या चुकीबद्दल सांगतो. ठसा छापला की उलटा उमटतो, हे छापखान्यातल्या उंदरालाही कळतं. म्हणून कोरताना उलटं कोरायचं. मेस्त्री अक्षरं कधी कोरत नसत, त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या हे ध्यानातच आलं नाही. पोलादपूरकडच्या एका गुराख्याचं पत्र छापून गेलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा काठी घेऊन छापखान्यात उभा.

"माज्या बाबांचा डावा डोळा बैलानं फोडलेला," तो ओरडला. "तुमी उजवा मिटलाव! जित्तेपनी बैलानं एक घालवला, मेल्यावर दुसरा तुमी घालवताव काय?"

मी घाम पुसत होतो. मेस्त्री मात्र जागेवरून हलले नाहीत. कोरणी पुसत म्हणाले, "तुजा बाप दाढी करायचा का?"

"करायचा."

"आरशात बगून?"

"मंग काय माज्या तोंडाकडं बगून?"

"आरशात त्याला त्येचा कनचा डोळा गेलेला दिसायचा? जा, तिथं आरसा हाय. पत्र धर त्याच्यापुढं."

मुलगा भांडायच्याच आवेशात भिंतीवरच्या आरशासमोर गेला आणि पत्र धरलं. आरशात अक्षरं सगळी उलटी झाली आणि बाप सुलटा झाला. डावा डोळा मिटलेला, उजव्यानं नेहमीसारखा जरा संशयानं बघणारा. मुलाच्या हातातली काठी खाली पडली. तो आरशाला कपाळ टेकून इतका रडला की आमची एक लग्नपत्रिका मशीनवर तशीच थांबली.

"मानूस सोताला असाच दिसतो," मेस्त्री कागदावरच्या ठशाकडे बोट दाखवून म्हणाले. "त्यानं जन्मभर सोताला बगितला तसा आता तुमी बगा."

ही बातमी डोंगरभर पसरली. वरच्या वाड्यांवर मी स्वतः पाहिलंय, मेस्त्रींचं पत्र भिंतीला लावलेलं आणि समोरच्या भिंतीला आरसा. चुकीबद्दल मी एकदा छेडलं, तर मेस्त्री म्हणाले, "तुमी खिळे जुळवा, भाऊ."

मग तो पूर आला. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत येणं महाडला नवीन नाही. लोक माल माळ्यावर टाकतात आणि वरच्या खिडकीत चहा पीत बसतात. त्या वर्षी पाणी मेस्त्रींच्या खोलीत शिरलं. खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती, तिचं कुलूप गंजून गेलेलं. पाण्यानं झाकण उचललं, आणि ट्रंकेतून महाड बाहेर पडलं.

मी आमच्या माडीवरून पाहत होतो. आधी वाटलं फळकुटं आहेत. एक ठोकळा गरगरत खिडकीखाली आला. त्यावर किराणावाले नानाशेठ होते. मागोमाग पोस्टातले वाघ, त्यामागे आमचे डॉक्टर, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाई, न्हावी, देवळातले गुरव. शिवणीचं लाकूड हलकं, सगळे मजेत तरंगत होते. कुणी वर बघत, कुणी तोंड पाण्यात घालून. आणि माड्यांवर तीच माणसं जिवंत उभी राहून स्वतःला वाहून जाताना बघत होती.

"अहो, ते मी आहे!" डॉक्टर समोरच्या माडीवरून ओरडले. "धरा! मला धरा कुणीतरी!"

नानाशेठ स्वतःच्याच पायरीला अडकून बसले होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी ठोकळा उचलून पाहिला आणि तापानं आठ दिवस अंथरूण धरलं. बरे झाल्यावर पहिलं वाक्य, "मला दोन हनवट्या आहेत का हो?"

गावानं मेस्त्रींना देवळाच्या सभामंडपात बोलावलं. जिवंत माणसाचा मयताचा ठसा आधीच करून ठेवायचा म्हणजे काय? हे वाईट चिंतणं नाही का? मेस्त्री ओल्या धोतरानं उभे राहिले. म्हणाले, "मयत झाल्यावर बगून कोरला, तर मानूस मेलेलाच दिसतो. घरचे नाकावरनं भांडतात. म्हनून जित्ता असताना बगून ठेवतो. बगायचं राहून गेलं की मंग कोन सांगनार?" मग सोगा पिळला. "माज्या आईला येळेवर कुनी बगितलं नाय," एवढंच बोलले आणि पायऱ्या उतरून निघून गेले. सभा पुढे चालली नाही. महिन्याभरात निम्म्या गावानं आपापला ठोकळा गुपचूप पुन्हा मेस्त्रींच्या दाराशी आणून ठेवला. डॉक्टरांनी केस जरा वाढवून मागितले.

मला त्या पाण्यात एक ठोकळा सापडला होता, मेणकापडात शिवलेला. वाटलं, हा मीच. शिवण उसवली तर आत नुसतं गुळगुळीत लाकूड. एक रेघ नाही. तो द्यायला गेलो आणि विचारलं, "हा कुणाचा, मेस्त्री?"

"आईचा," ते म्हणाले, आणि लाकडाला ओल लागली का ते नखानं बघू लागले.

पुढच्या काही वर्षांत सगळंच गेलं. ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आले, मग चौकाचौकात रंगीत फ्लेक्स लागले. मेलेली माणसं मोबाइल कानाला लावून, गॉगल घालून दिसू लागली. माझं ट्रेडल मशीन मी पोतं टाकून कोपऱ्यात सारलं. मेस्त्रींकडे कुणी येईना. ते कट्ट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बघत. पण आता लोकांनाच काही वाटेनासं झालं होतं. माणसं सरळ समोरून जात. ते त्यांना फार लागलं.

अशात एक दिवस घाटातून दूध घेऊन येणारा माणूस सांगत आला, "करंजमाळची भागाबाय परत आलीय. चाळीस वरसं मुंबैला पोराकडं व्हती. आता म्हनते, मरायचं तर गावातच." मेस्त्रींनी हातातला चहा तसाच ठेवला. भागाबाय गंगूच्या शेजारच्या घरातली सून होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं आंबेनळीत उतरलो आणि वर चढलो. मेस्त्री सत्तरीच्या घरातले, धापा टाकत होते. पण पिशवीतली नाकाची पट्टी त्यांनी मला धरू दिली नाही. भागाबाय पडवीत घोंगडीवर बसली होती. काडीसारखी, डोळे मात्र लख्ख.

"कोन रे तुमी? मला टेन्शन देऊ नका. मी मरायला आलीय."

"मी सखा. गंगूचा."

"गंगूचा सखा? तू तर म्हातारा झालास की रे!"

मेस्त्रींनी पट्टी पसरली. "भागाबाय, आता तूच राहिलीस. माज्या आईचं नाक ह्यातलं कनचं, तेवढं सांग."

तिनं अकराही नाकांवरून बोट फिरवलं. हनवट्या पाहिल्या, भुवया पाहिल्या. मग कागद बाजूला सारला. "मला काय म्हाईत?"

"असं कसं? शेजारी व्हतीस ना?"

"अरे, मी नवी सून. मान वर करायची सोय व्हती काय? सकाळी गवताला निघालो की ती फुडं, मी मागं. पायवाट एका मानसाची. येताना डोक्यावर भारा. मला दिसायच्या तिच्या टाचा. डाव्या टाचंला ही एवढी भेग व्हती. टाच दाव, आत्ता वळखते. तोंड नाय रे बगितलं मी. वरीसभर रोज मागनं चालली, पन तोंड नाय बगितलं."

मेस्त्री पट्टीची घडी घालू लागले. घडी बसेना. शेवटच्या साक्षीदारानं साक्ष दिली होती आणि चेहरा कायमचा गेला होता.

"तुजं त्वांड बगितलंय की मी," भागाबाय म्हणाली.

"माजं?"

"तुला झोळीत छातीशी बांधायची ती. तुजी हनवटी तिच्या डाव्या खांद्यावर. मागं बगत बसायचास, लाळ गाळत. माजे दोनी हात भाऱ्याला. मंग मी काय करायची, जीभ काढायची. अशी. तू असा हसायचास म्हंतोस! गंगू म्हनायची, काय झालं गो ह्याला? मी म्हनायची, काय नाय, चल फुडं."

खाली उतरून एसटीत बसल्यावर मेस्त्री म्हणाले, "भाऊ, मशीनवरचं पोतं काढा."

तो कोरा ठोकळा त्यांनी कोरायला घेतला आणि महिना लावला. एक बाई, पाठमोरी. डोक्यावर गवताचा भारा, इतका मोठा की आभाळ दिसू नये. दोन्ही हात वर. लुगड्याचा कासोटा, पोटऱ्या, खडकावर उचललेली डावी टाच आणि टाचेत भेग. आणि खांद्यावर ते तोंड. लहान मुलाचं, जे ते कधी कोरत नसत. त्यांनी तिथे जवळजवळ काहीच काळं ठेवलं नव्हतं. दोन डोळ्यांचे ठिपके आणि हसण्याची एक रेघ.

पहिली प्रत मी काढली. गंजलेलं मशीन कुरकुरलं, पण ठसा लख्ख उठला. मूल उजव्या खांद्यावर आलं होतं.

मी सवयीनं म्हणालो, "असू दे मेस्त्री. आरशात..."

"पाठ आरशात दिसत नाय, भाऊ," ते म्हणाले. "ह्ये तिनं कदी बगितलं नाय. भागाबायनं बगितलं. डावा म्हंजे डावा."

त्यांनी ठोकळा पालथा केला आणि मागच्या गुळगुळीत बाजूवर तेच चित्र पुन्हा, उलटं, पहिल्या रेघेपासून काढायला घेतलं. मी बघत राहिलो. एकदाही हात अडखळला नाही.

"म्हणजे तुम्हाला उलटं कोरता येत होतं?"

"येत व्हतं."

"मग तो एका डोळ्याचा गुराखी?"

"ती चूकच व्हती. पन तो पोरगा आरशाला डोकं लावून रडला. मंग त्याला चूक कशी म्हनू? एकाला तसं केलं, मंग सगळ्यांना तसंच केलं."

दुसरी बाजू पुरी झाली तेव्हा पाऊस लागला होता आणि करंजमाळची वाट बंद होती. छापलेली प्रत मेस्त्रींनी मेणकापडात घालून ठेवली. "गनपती झाले की वर जाऊ. भागाबायला दाखवायची. तिनं हो म्हनलं की झालं." गणपतीच्या आधी चार दिवस ते गेले. दम लागला, भिंतीला टेकून बसले, आणि तसेच राहिले. लग्न केलेलं नव्हतं. एक मामेभाऊ होता, त्यानं सगळं केलं.

त्यानं पत्रासाठी फोटो मागितला. फोटो नव्हता. ट्रंक उघडली तर सारं महाड ओळीनं निजलेलं होतं, माझ्यासकट. माझे कान खरंच राहिले होते. मेस्त्रींचा मात्र ठसा नव्हता. मी मेस्त्रींच्या आईचा तो ठोकळा काढला आणि त्याची दुसरी बाजू पत्रावर छापली.

"ही कोण बाई?" मामेभाऊ म्हणाला. "यात सखा कुठाय?"

"खांद्यावर," मी म्हणालो.

दसऱ्यानंतर वाट उघडली तेव्हा मी ते पत्र घेऊन करंजमाळला गेलो. भागाबाय अजून मेली नव्हती आणि त्याबद्दल चिडलेली होती. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं आणि मीही काही सांगितलं नाही. तिनं कागद लांब धरला, मग जवळ आणला. भाऱ्यावरून, उचललेल्या हातांवरून तिचं बोट खाली टाचेपर्यंत गेलं आणि भेगेवर थांबलं.

"गंगू," ती म्हणाली. "चल गो फुडं."

मग तिची नजर वर, डाव्या खांद्याकडे गेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून, आणि त्या कागदापुढे हळूच जीभ काढली.